आईचं सीपॅप मशीन, चार महिने भाड्यानं वापरून झाल्यावर

पाचपैकी साडेतीन स्टार. मशीनला चार, मास्कला तीन, दुकानाला दोन, आणि जो रात्री घरी येऊन तपासणीचे पट्टे बांधून गेला त्या पोराला पाच, आता ह्याचं सरासरी काय येतं ते तुम्हीच बघा. दुकानाचं नाव टाकत नाहीये, इंदूरच्या दवा बाजारात आणि एमवाय हॉस्पिटलच्या आसपास सर्जिकल सामानाची भरपूर दुकानं आहेत आणि मला वाटतं जे अनुभव आले ते थोड्याफार फरकानं कुठेही येतील. म्हणून मशीनबद्दलच लिहिते (झोपेत श्वास अडकू नये म्हणून मास्कमधून दाबानं हवा देणारं मशीन), आणि जरा लांबच होईल, कारण मला हे सगळं कोणी एका जागी सांगितलं नव्हतं.

आईला मागच्या नवरात्रात लकवा झाला, डावी बाजू गेली. बोलणं शाबूत राहिलं, (फारच शाबूत, शाळेत तीस वर्षं मास्तरीण होती). दोन अडीच महिन्यांत काठी घेऊन रामबागेतल्या घरात हॉल ते स्वयंपाकघर चालायला लागली. येणारा प्रत्येक जण विचारायचा किती चालता, हात किती उचलतो, बीपी किती, शुगर किती. झोप कशी आहे हे कुणी विचारलं नाही, आम्हीपण नाही. ती रात्री दोनला उठून बसायची, खांदा धरून, मग बाथरूम, मग परत तासाभरानं बाथरूम, आणि सकाळी दहाला फिजिओवाला आला की खुर्चीत मान टाकून गाढ. तो बिचारा दोन वेळा म्हणाला की आंटी मेहनत नहीं कर रही हैं. आम्ही म्हटलं मन खचलंय, होतं असं. मावशीनं येऊन तिच्याकडची झोपेच्या गोळीची पट्टी दिली, अर्धी घे म्हणाली, त्यानं दोन दिवस आई सकाळी अकरापर्यंत भ्रमिष्टासारखी, बाबांना "तुम्ही केव्हा आलात" विचारतेय. नंतर न्यूरोवाल्या डॉक्टरांनी ते ऐकून जे काही सुनावलं ते मावशीपर्यंत पोचवायची माझी हिंमत झाली नाही. त्या जातीच्या गोळ्यांनी घशाचे स्नायू अजून ढिले पडतात, श्वास आधीच अडकत असेल तर आणखी अडकतो, आणि लकव्यातून सावरणाऱ्या मेंदूला ती गुंगी परवडत नाही.

श्वास अडकतोय हे कळलं कसं ते सांगते. बाबा त्याच खोलीत झोपतात, पण रात्री कानाचं मशीन काढून डबीत ठेवतात, त्यामुळे पंचेचाळीस वर्षांच्या संसारात आई घोरते ह्याचा त्यांना पत्ताच नाही. विचारलं तर म्हणतात बायका कुठे घोरतात. जानेवारीत बाबांना ताप होता म्हणून मी राजेंद्र नगरहून येऊन तिच्या शेजारी झोपले आणि रात्रभर डोळा लागला नाही. घोरणं एक वेळ ठीक, पण मधेच एकदम सगळं बंद. काही नाही. शांत. मी उठून बसले, मोबाईलमध्ये सेकंद मोजले, वीस, पंचवीस, तीस, आणि मग एकदम विहिरीतून वर आल्यासारखा मोठा श्वास आणि हात झटकणं आणि "आई गं" कारण त्या झटक्यात डावा खांदा दुखला. हे तासभर मोजलं. सकाळी तिला विचारलं तर म्हणे झोपच लागली नाही, दुखतंय म्हणून जाग आली. तिला जाग येण्याचं कारण दुखणं वाटत होतं, आणि पाहिलं तर अर्ध्या वेळा आधी श्वास थांबत होता आणि दुखणं नंतर येत होतं. त्या रात्रीनंतर माझं डोकं जरा ठिकाणावर आलं.

डॉक्टर म्हणाले यात नवल काही नाही, लकवा झालेल्या निम्म्याहून जास्त लोकांमध्ये झोपेत श्वास अडकतो, काहींना आधीपासून असतो, काहींचा लकव्यानंतर वाढतो. मग हे डिस्चार्जच्या वेळी कुणी का नाही सांगत? असो. त्यांनी घरी होणारी स्लीप स्टडी, म्हणजे रात्रभर झोपेत श्वास मोजायची तपासणी, लिहून दिली.

स्टडीसाठी रात्री नऊला दुकानातून एक पोरगा आला, तेवीस चोवीसचा असेल, पाठीवर बॅग. छातीवर पट्टा, नाकाखाली छोटी नळी, बोटाला चिमटा, आणि पट्ट्यावर एक डबी जी कोणत्या कुशीवर आहे तेपण लिहून घेते. चिमटा त्यानं आधी डाव्या हाताला लावला, म्हणे हा हात तसाही हलत नाही, निघणार नाही. तर्क बरोबर वाटला, पण आईची डावी बोटं थंडगार असतात आणि थोड्या वेळानं रीडिंग गायब व्हायला लागलं, तेव्हा त्यानं स्वतःच उजव्या हाताला टेपनं बांधला. रात्री एकला आईनं खाजवताना तो काढून टाकला. झाली रात्र वाया. दुकान म्हणालं परत करायची तर परत पैसे, पाच हजार, त्यावर मी काय बोलले ते इथे नको. पोरगा मात्र दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपल्यावर आला, अलग पैसे नाही घेतले, बाबांनी त्याला पोहे आणि जिलबी खायला घातली रात्री नऊला, इंदूरमध्ये पोह्यांना वेळ नसते.

रिपोर्टमध्ये ताशी 34 आला. म्हणजे तासात 34 वेळा श्वास पूर्ण थांबला किंवा खूप कमी झाला, दहा सेकंद किंवा त्याहून जास्त. 5 पर्यंत नॉर्मल, 15 पर्यंत हलका, 30 पर्यंत मध्यम, त्यावर जास्त. आणि इथे एक गोष्ट जी दुकानवाल्याला माहीत नव्हती पण डॉक्टरांनी सांगितली: घरच्या तपासणीत डोक्याला तारा नसतात, म्हणजे माणूस खरंच झोपलाय की नुसता पडलाय हे मशीनला कळत नाही, ते पूर्ण रेकॉर्डिंगच्या तासांनी भागाकार करतं. आई जर अर्धी रात्र जागीच असेल तर खरा आकडा 34 च्या वरच असणार. लकव्याच्या पेशंटची झोप तुटकी असते म्हणून हे त्यांच्याबाबतीत जास्त लागू पडतं. कुणाचा रिपोर्ट 12, 13 आला आणि दुकानवाला म्हणाला कुछ नहीं है, तर डॉक्टरला दाखवल्याशिवाय सोडून देऊ नका. उलटपण खरं, दुकानात रिपोर्ट दाखवून थेट मशीन घेऊन येऊ नका, कारण श्वास थांबण्याचे दोन प्रकार असतात, एक गळा बंद होऊन आणि एक मेंदूनंच हुकूम न देऊन, दुसऱ्या प्रकाराचे जास्त असतील तर हे साधं ऑटो मशीन चालत नाही. आईचे जवळपास सगळे गळ्याचेच निघाले.

आणि बहुतेक सगळे उताणं झोपल्यावरचे. हे लक्षात ठेवा, पुढे हाच सगळा घोळ आहे.

आता मशीन. सीपॅप म्हणजे काही ऑक्सिजन नाही, हे आधी घरातल्या ज्येष्ठांना समजवावं लागतं (काकांनी विचारलं सिलिंडर कुठे आहे). ते फक्त खोलीतली हवा घेऊन थोड्या दाबानं नाकातून आत ढकलतं, त्या हवेच्या टेकूनं गळा मिटत नाही. सिडनीच्या कॉलिन सलिवन नावाच्या डॉक्टरनं 1981 मध्ये हे पहिल्यांदा दाखवलं म्हणे. ऑटोमध्ये दाब स्वतः कमीजास्त होतो, आमच्या डॉक्टरांनी 6 ते 14 च्या मधे ठेवायला सांगितला. दुकानाची पहिली ऑफर होती अठ्ठेचाळीस हजारात नवीन, "मैडम आजकल सब यही ले जा रहे हैं". आम्ही म्हटलं भाडं. महिना साडेतीन हजार, डिपॉझिट दहा हजार, मास्क मात्र स्वतःचा विकत, साडेपाच हजार. मला भाड्याचा निर्णय शंभर टक्के बरोबर वाटतो, कारण पहिल्या महिन्यात आई ते फेकून देणार ह्यावर घरात पैज लागली होती.

भाड्याचं घेताना एक विचारा की हे कोणत्या साली बनलंय. जून 2021 मध्ये फिलिप्सनं त्यांच्या अशा लाखो मशिनी परत बोलावल्या होत्या, आतला आवाज कमी करणारा फोम झिजून कण श्वासात जाऊ शकतात म्हणून. आम्हाला पहिल्यांदा जे जुनं मशीन टेकवत होते त्याचं साल सांगायला दुकानवाला तयार नव्हता, स्टिकर खरवडलेला. मी परत केलं. दुसरं आणलं त्याची नळी आधीच्या माणसाची, वास येत होता. तीपण बदलून घेतली. दोन स्टार का ते आता कळलं असेल.

मास्कवर मी सगळ्यात जास्त डोकं लावलं. दुकानात नाकावरचा छोटा मास्क दिला, सगळ्यांना हाच सूट होतो म्हणे. आईचा तोंडाचा डावा कोपरा अजून थोडा ढिला आहे, पाणी पिताना ओघळतं, तर हवा नाकातून आत आणि तोंडाच्या कोपऱ्यातून फुर्रर बाहेर, रात्रभर फुगा सोडल्यासारखा आवाज आणि सकाळी उशी ओली. हनुवटीला पट्टा बांधून बघितला, तो तिनं दहा मिनिटांत काढला, म्हणाली मला मेल्यावर बांधा. शेवटी नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा मोठा मास्क घेतला. मग दुसरा प्रश्न, तो एका हातानं निघतो का? हे लकव्याच्या माणसासाठी घेताना दुकानातच करून बघा, त्यांच्या डाव्या किंवा उजव्या, जो चांगला असेल त्या हातानं. उलटी आली, ठसका लागला, तर कुणी येईपर्यंत थांबता येत नाही. चुंबकाच्या क्लिपचा मास्क एका हातानं पटकन निघतो, आम्ही तोच घेतला, पण पेसमेकर असेल किंवा डोक्यात धातूची क्लिप बसवली असेल तर चुंबकवाला घ्यायचा नाही, आणि शेजारी झोपणाऱ्याला पेसमेकर असेल तरीही विचारून घ्या.

पहिला आठवडा वाईट. दीड तास, एक तास, चाळीस मिनिटं. मग डॉक्टरांकडच्या सिस्टरनं सांगितलेली युक्ती, संध्याकाळी सिरियल बघताना खुर्चीत बसून अर्धा तास घालायचा, झोपेशी संबंधच नाही. आई मास्क घालून टीव्हीला शिव्या देत होती, आवाज डब्यातून आल्यासारखा, नातू खूष. तिसऱ्या आठवड्यात तीन तास, मेमध्ये पाच. मशीनमध्येच सगळं नोंदलं जातं, रात्री किमान चार तास असा साधारण हिशोब धरतात, आईनं तो परीक्षेचा पेपर समजून घेतला आणि सकाळी उठल्याउठल्या बाबांना आकडा वाचायला लावते, चार तास पाच मिनिटं, पास.

आता खांदा. हा भाग मशीनच्या रिव्ह्यूत का, तर ह्याच्याशिवाय मशीन चाललंच नसतं.

उताणं झोपलं की श्वास अडकतो, डाव्या कुशीवर झोपलं की डावा खांदा दुखतो, उजव्या कुशीवर झोपलं की डावा हात पुढे लोंबतो आणि खांदा अजून ओढला जातो. म्हणजे झोपायचं कसं? लकव्यात खांद्याच्या भोवतीचे स्नायू ढिले पडतात, हाताचं सगळं वजन सांध्यावर लटकतं, हाड थोडं खाली उतरतं, फिजिओनं बोट घालून दाखवलं खांद्यात चक्क खळगा होता. आणि मग त्यानं विचारलं, रात्री उठवतं कोण. बाबा. कसं उठवता, दाखवा. बाबांनी प्रेमानं आईचा डावा हात धरला आणि ओढून बसवलं. गेले चार महिने, रात्रीतून तीन वेळा, बाथरूमला नेताना, त्याच हाताला धरून. का तर ती तिची कमजोर बाजू, आधार तिथेच द्यायला हवा ना. फिजिओ एकदम बोलायचा थांबला, बाबांचा चेहरा बघवत नव्हता. कमजोर हाताला धरून कधीही ओढायचं नाही, पाठीमागून खांद्याच्या पात्याला आणि कमरेला आधार द्यायचा, एवढं एक वाक्य दवाखान्यातून घरी पाठवताना कागदावर लिहून दिलं असतं तर. कुणीतरी गच्चीवर कप्पी लावून दोरीनं हात वर ओढायचा व्यायाम सुचवला होता, तोपण फिजिओनं बंद करायला लावला, अशा खांद्याला त्यानं इजाच होते.

झोपायची व्यवस्था शेवटी अशी बसली: उजव्या कुशीवर, पाठीमागे लोड लावायचा म्हणजे उताणं होता येत नाही, समोर छातीजवळ उशी आणि तिच्यावर डावा हात कोपरापासून बोटांपर्यंत पूर्ण टेकलेला, मनगट खाली लटकू द्यायचं नाही. ह्यासाठी मी ऑनलाइन एक फोमची तिरकी उशी मागवली होती, अठराशे रुपये, एक स्टार, घसरते आणि उन्हाळ्यात भट्टी. आजीच्या लुगड्याची जुनी गोधडी गुंडाळून लावली ती बेस्ट. मास्कची नळी डोक्यावरून मागे, पलंगाच्या दांडीला सुतळीनं सैल बांधली, नाहीतर कूस बदलली की मास्क ओढला जातो. डाव्या कुशीवरपण फिजिओ हळूहळू झोपवतोय, खांदा पुढे काढून, त्याच्यावर वजन न देता, ते त्यानं शिकवल्याशिवाय घरी करू नका.

आणि एक दुसरं दुखणं आहे जे खांद्याचं नाही. जानेवारीपासून, म्हणजे लकव्यानंतर तीनेक महिन्यांनी, आईला डाव्या हातापायात आग व्हायला लागली. चादर लागली तरी आग. पंख्याची हवा लागली तरी. मे महिन्यात इंदूरमध्ये पंखा बंद करा म्हणणारी बाई, घरचे सगळे वैतागले, मीपण एकदा ओरडले तिच्यावर, चादरीनं कोणाला दुखतं का. दुखतं. हात चांगला आहे, त्वचा चांगली आहे, दुखणं मेंदूच्या आत तयार होतंय, जिथून स्पर्शाची खबर जाते तीच जागा लकव्यात जखमी झाली. फ्रान्समध्ये देजेरिन आणि रूसी ह्या दोन डॉक्टरांनी 1906 मध्येच हे नोंदून ठेवलंय, थॅलॅमस म्हणून मेंदूतला भाग आहे त्याच्या नावानं ओळखायचे. साध्या पेनकिलरनं ह्याला फार काही होत नाही, आईनं जवळपास दोन महिने त्या गोळ्या खाऊन ॲसिडिटी कमावली. नसांच्या दुखण्याच्या गोळ्या वेगळ्या असतात, ॲमिट्रिप्टिलिन, गॅबापेंटिन वगैरे, डॉक्टरांनी अगदी थोड्यावर सुरू केली आणि तीपण मशीन बसल्यानंतर, कारण त्यांनीही गुंगी येते. आईच्या गोळीनं तोंड कोरडं पडतं, वरून मशीनची हवा, पहाटे जीभ टाळूला चिकटलेली. तेव्हा मशीनचं पाण्याचं भांडं वापरात आणलं, हवा कोमट ओलसर होऊन येते, फरक पडला. पाणी डिस्टिल्डच घाला. आमच्याकडे आठ दिवस नळाचं घातलं तर तळाला पांढरा थर.

लाईट गेली तर काय, हे सगळे विचारतात. जूनमध्ये पहिल्या वादळात रात्री गेली, मशीन बंद, मी धावत खोलीत, आई शांत, मोठ्या मास्कला एक झडप असते, हवा थांबली की ती उघडते आणि बाहेरची हवा आत येते. इन्व्हर्टरवर आरामात चालतं, पाणी गरम करणं बंद ठेवलं तर खूप कमी वीज लागते. आवाज म्हणाल तर पंख्यापेक्षा कमी, आणि बाबांच्या दृष्टीनं तर आवाजच नाही. मास्क रोज साध्या साबणानं धुवायचा, ते काम एका हातानं होत नाही, बाबा करतात, पोह्यांच्या आधी.

चार महिन्यांनी काय बदललं. रात्री बाथरूमच्या तीन फेऱ्यांची एक झाली, श्वास अडकतो तेव्हा लघवीपण जास्त होते हे मला माहीतच नव्हतं. सकाळी डोकं दुखायचं ते गेलं. फिजिओच्या वेळी जागी असते, पायऱ्या चार चढली. सानंदच्या (इथली मराठी संस्था) नाटकाला व्हीलचेअरवर नेलं तर दोन्ही अंक जागी, लकव्याच्या आधीपण ती दुसऱ्या अंकात झोपायची, म्हणजे हे दुखणं कधीपासून होतं कुणास ठाऊक. दुखणं गेलेलं नाही. खांदा बराच कमी, आग आहेच, पण ती म्हणते आधी दिवसरात्र होती, आता झोपेत तरी नसते. आणि दुकानवाला सांगतो तसं "दुबारा अटैक नहीं आएगा" असलं काही नाही. मी डॉक्टरांना सरळ विचारलं, त्यांनी सांगितलं 2016 मध्ये एक मोठा अभ्यास आला होता, हृदयाचे आणि लकव्याचे अडीच हजारावर पेशंट, त्यात मशीन लावून पुढचे अटॅक कमी झालेले दिसले नाहीत, दिवसाची झोप आणि मूड मात्र सुधारले, आणि लोक सरासरी तीन साडेतीन तासच वापरत होते. अटॅकसाठी बीपीची आणि रक्त पातळ करायची गोळी चुकवायची नाही, मशीन झोपेसाठी आहे. हे ऐकून मला उलट बरं वाटलं.

घ्यावं का, तर हो, स्टडी करून, डॉक्टरला दाखवून, भाड्यानं, मास्क दोनतीन घालून बघून. एकटं राहणाऱ्या माणसाला मी नाही सांगणार, निदान सुरुवातीला कुणीतरी हवं.

काल दुकानातून फोन आला, चार महिने झाले, आता खरीदीच करा, भाडं वजा करून देऊ. मी विचार करून सांगते म्हणत होते तेवढ्यात आईनं उजव्या हातानं फोन ओढून घेतला आणि स्टिकर खरवडलेल्या मशीनपासून सुरू केलं. वीस मिनिटं. बत्तीस हजार, दोन वर्षांची सर्व्हिस, मास्कच्या दोन गाद्या फुकट, आणि त्या पोराला सर्व्हिसला तोच पाठवायचा. फोन ठेवून मला म्हणाली, नळी नवीन असं लिहून घे त्यांच्याकडून.